सतरा नंबरच्या व्हॉल्व्हजवळचं नाक

मामाच्या अर्जावर 'पूर्वीचे काम' या रकान्यात मी 'तेच' असं लिहिलं. दोन अक्षरं. तेवढ्यानं माणूस हातचा जायची वेळ आली.

आधी माझी बाजू ऐका, मग हवं ते बोला. मी कागद कारखान्याच्या टाइम ऑफिसात हंगामी कारकून. फुफ्फुसाच्या कॅन्सरची तपासणी करणारी गाडी कारखान्यात यायची होती. बसएवढी गाडी, आत स्कॅनचं यंत्र. वय पन्नाशीच्या पुढे आणि धूळ, धूर, भट्टी, पाइपांचं लेपण असल्या कामात दहा वर्षांहून जास्त काढलेली, अशाच माणसांना ती घेणार होती. तीनशे चाळीस अर्ज दोन दिवसांत संगणकात चढवायचे होते. एकेकाला विचारून भरा, असं वरून बजावलं होतं. मी हजेरीपट समोर ठेवला आणि त्यावरून भरत सुटलो. स्टोअरच्या सहा जणांपर्यंत पोचलो आणि कँटीनची घंटा झाली. सध्याचे काम, 'स्टोअर मदतनीस'. पूर्वीचे काम, 'तेच'. माउस दाबून धरला आणि सहाही ओळींवरून खाली ओढत नेला. चहा मात्र गरम मिळाला.

त्या सहांतला चौथा माझा सख्खा मामा. म्हणजे एकेकाला विचारायचं सोडा, ज्याच्या ताटाशेजारी माझं ताट असतं त्यालासुद्धा मी विचारलं नव्हतं.

मामाला कारखान्यात 'साडेनऊ' म्हणतात. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं शेवटचं पेर तरुणपणी एका व्हॉल्व्हनं खाल्लं, तेव्हापासून. आता तो स्टोअरच्या खिडकीत बसून बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट आणि हातमोजे देतो. कुणी एकच हातमोजा मागितला की विचारतो, "दुसरा हात घरी ठेवून आलास?" पण त्याआधीची चौदा वर्षं तो याच कारखान्यात ठेकेदाराच्या टोळीत होता. वाफेच्या पाइपांना स्वेटर घालायचं काम, असं तो सांगतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा भुगा पोत्यातून टबात ओतायचा, पाणी घालून हातानं कालवायचा, तो चिखल पाइपावर थापायचा, वरून कापड गुंडाळायचं, तारेनं आवळायचं. त्या भुग्याला टोळीत सगळे 'कापूस' म्हणत. दुपारी कापसाच्या पोत्यांवरच डुलकी काढत. अंगात मस्ती आली की कापसाचे गोळे करून एकमेकांच्या तोंडावर मारत आणि पांढऱ्या भुवयांनी घरी जात.

हे सगळं मला पाठ होतं. तीन वर्षं जेवताना रोज ऐकत होतो. इतकं ऐकलं होतं की ऐकू येईनासं झालं होतं.

सोमवारी सकाळी गाडी आली आणि फाटकाजवळच्या फळ्यावर यादी लागली. दोनशे बारा जण. मी यादीवरून बोट फिरवत गेलो आणि स्टोअरपाशी बोट अडखळलं. स्टोअरचं कुणीच नव्हतं. तसाच वरच्या मजल्यावर ऑफिसात गेलो. संगणक उघडला. सहा ओळी, सहा वेळा 'तेच', एकाखाली एक.

संध्याकाळी घरी जाऊन मी सगळं कबूल करून टाकलं. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मामा खुर्चीवर पाय घेऊन रेडिओचं पाठीमागचं झाकण उघडून बसला होता. मला वाटलं, आता स्क्रूड्रायव्हर फेकून मारेल. त्यानं तो खाली ठेवला आणि चक्क हसला.

"भाचेबुवा, आयुष्यात एक काम नीट केलंत!"

"मामा, अरे यादीत तू नाहीस."

"तेच म्हणतोय. यादीत नाही म्हणजे आजार नाही. मिटलं."

"असं कुठं असतं?"

"हे बघ. मला खोकला आहे? नाही. ताप? नाही. तीन जिने कोण चढून येतो? तू मधे थांबतोस, मी थांबत नाही. मग माझ्या छातीत डोकावून कुणाला काय मिळणार आहे? आमच्या टोळीतले दोघे असेच तपासायला गेले. गेले ते गेलेच."

"ते तपासल्यामुळे गेले का?"

"तपासलं नव्हतं तोवर होते ना?" असं म्हणून त्यानं पुन्हा रेडिओत डोकं घातलं.

स्वयंपाकाच्या खोलीतून मामीचा आवाज आला, "अहो, पोरगा काय म्हणतोय ते ऐकून तरी घ्या!"

"ऐकलं. त्यानं चूक केली आणि मी त्याला माफ केलं. अजून किती मोठं मन करू?"

मी एवढा घाबरलो होतो आणि त्यानं माझ्या चुकीची छत्री करून तिच्याखाली बसून घेतलं. आता मला दोन ठिकाणी भांडायचं होतं, गाडीशी आणि मामाशी.

मंगळवारी गाडीपाशी गेलो. दारात टेबल टाकून एक नर्सबाई बसल्या होत्या, पेन्सिल केसात खोचलेली. मी आडवळणानं सुरुवात केली. "सिस्टर, समजा एखाद्याचं काम चुकीचं लिहिलं गेलं..."

"कुणी लिहिलं?"

"लिहिलं गेलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही लिहिलंत."

मी मान हलवली. त्यांनी केसातली पेन्सिल काढली. "आणखी किती?"

"सहा. पण बाकीचे पाच..."

"बाकीच्या पाचांना विचारलंत?"

नव्हतं विचारलं. मला बाकावर उभं केल्यासारखं वाटलं.

"शनिवारी बारा वाजता गाडी निघेल," त्या म्हणाल्या. "पुढची फेरी दोन वर्षांनी. नाव घालायचं तर टोळीतल्या कुणाचा तरी जबाब हवा, एक पुरावा हवा आणि तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांची सही हवी."

"मामा म्हणतो, मला काहीच त्रास नाही."

"त्रास नाही तोवरच या. खोकून रक्त पडलं की लोक आपण होऊन येतात. तोवर आमच्या हातात फार काही उरत नाही."

त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. मी तसाच स्टोअरमध्ये गेलो आणि मामा सोडून पाचही जणांना विचारलं. त्यातल्या एकानं आधी अकरा वर्षं ओतशाळेत काढली होती, लोखंडाचा रस आणि वाळू. "विचारलंच नाही कुणी," तो म्हणाला. त्याचा पुरावा घरी पेटीतच होता. त्याचं नाव बुधवारी चढलंसुद्धा. माझा मामा मात्र खिडकीत बसून मला डोळा मारत होता.

पुरावा आणायचा कुठून? ठेकेदाराचं दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली होती. कारखान्याच्या कागदांत टोळी नव्हतीच, होता तो फक्त ठेकेदार. टोळीत पाच जण. दोघे गेले. एक कुठं गेला पत्ता नाही. एक मामा. उरला मुकादम. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे असतो, एवढं मामीला ठाऊक होतं.

"मुकादम आजारी आहे," मी गुरुवारी मामाला म्हणालो. "भेटायला जाऊ या."

"जबाब घ्यायला नेतोयस."

"नाही. भेटायला."

"तू खोटं बोललास की तुझे कान लाल होतात." पण त्यानं शर्ट बदलला. चार वर्षांत तो मुकादमाला भेटला नव्हता, आणि ते त्याला टोचत असावं.

तळमजल्यावरची खोली. खिडकीशी पलंग, पलंगाखाली गुरगुरणारं यंत्र आणि त्यातून निघून मुकादमाच्या नाकात गेलेली नळी. नाक प्रचंड होतं. माझी नजर तिथंच खिळली, तसा तो म्हणाला, "बघ बघ. नळी बसवायला जागा तरी भरपूर मिळाली." दर चार शब्दांनी तो थांबायचा आणि यंत्र त्याच्या वतीनं गुरगुरायचं.

मामा खुर्चीच्या कडेवर बसला, लगेच उठायचं असल्यासारखा. "मुकादम, बरे दिसताय."

"साडेनऊ, खोटं बोलायला शिकला नाहीस अजून." मग माझ्याकडे वळून, "कशाला आलात?"

मी सांगितलं. तो ऐकत राहिला.

"मी ठणठणीत आहे, मुकादम," मामा मधेच म्हणाला. "हा उगाच डोकं खातोय."

"मीपण होतो." यंत्र गुरगुरलं. "ठणठणीत होतो तेव्हा... कुणी बघितलं नाही." मग जरा वेळानं त्यानं विचारलं, "तुझे कपडे कोण धुवायचं?"

"कपडे?"

"कामाचे. तेव्हाचे."

"हीच. दुसरं कोण?"

"कशी धुवायची?"

मामाला प्रश्न कळेना. "म्हणजे, आधी खिडकीत झटकायची. पांढरं सगळं उडून गेलं की मग बादलीत..."

तो थांबला.

"माझी माझ्या आधी गेली," मुकादम म्हणाला. "कारखान्याचं फाटक... कधी ओलांडलं नाही तिनं. छातीतच निघालं. डॉक्टर मला विचारतात... तुमचे कपडे कोण झटकायचं."

मामा आपल्या आखूड बोटाकडे बघत बसला. मी जबाबाचा कागद पुढे केला. मुकादमानं सही केली, अक्षर वेडंवाकडं, पण शेवटची रेघ झोकात ओढली.

"पुरावा नाही मिळत?" त्यानं पेन परत देताना विचारलं आणि त्याचे डोळे चमकले. "सतरा नंबरचा व्हॉल्व्ह बघा. ह्या गाढवानं... ओल्या चिखलात माझं तोंड काढलं होतं. खिळ्यानं. वर सही म्हणून पंजा उमटवला. आठवडाभर टब उचलायला लावले मी ह्याला."

"ते अजून असेल?" मी विचारलं.

"त्या पाइपाला कुणी हात लावलेला नाही. ह्याचं काम पक्कं असायचं." आणि मग मामाला, "तेवढा एक फोटो आण. माझं नाक मला बघायचंय."

परतताना कोपऱ्यावर आल्यावर मामा म्हणाला, "त्या गाडीवाल्या बाईंना विचार. हिची तपासणी होईल का?"

"माझ्या तपासणीबद्दल विचारू नकोस, असं म्हणत होतास."

"माझ्याबद्दल विचारू नकोस. हिच्याबद्दल विचार." माझ्याकडे न बघता तो बोलत होता. मी तिथूनच मागे फिरलो आणि पळत गाडीपाशी गेलो. नर्सबाई टेबल आवरत होत्या. घरच्यांसाठी वेगळा अर्ज असतो, त्या म्हणाल्या. पण आधी कामगाराची नोंद व्हायला हवी. कामगारच यादीत नसेल, तर त्याचे कपडे धुणारी कुठून येणार?

हे ऐकल्यावर मामा म्हणाला, "मग सतरा नंबर बघू." आणि घरी मामीला काही न सांगता तिच्या हातातली बादली घेऊन कपडे स्वतः वाळत घातले. मामीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं रे यांना?" मी म्हणालो, काही नाही. माझे कान लाल झाले असणार.

शुक्रवारी सकाळी सुरक्षा अधिकाऱ्यासमोर उभे राहिलो. अधिकारी माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण चेहऱ्यावर चाळिशी पांघरलेला. त्यानं मुकादमाचा जबाब दोनदा वाचला.

"जबाब ठीक आहे. पण उद्या कुणी विचारलं की हे दोघे जुने मित्र, तर मी काय दाखवू?"

"नाक दाखवा," मामा म्हणाला.

"काय?"

सगळं ऐकल्यावर अधिकारी डोकं खाजवत म्हणाला, "तो भाग बंद ठेवलाय. कापूस... म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस आहे तिथं. पंधरा मिनिटं. मास्क लावून. हात लावायचा नाही, खरवडायचं नाही, फुंकर मारायची नाही. आणि दिसलं नाही तर विषय संपला."

भुयारात दिवे नव्हते. आमचे फोन गेटवर जमा. बॉयलरवरचा कामगार, ज्याला सगळे वाफेश्वर म्हणतात, त्याच्याकडे जाड सेलचा लांबलचक पत्र्याचा टॉर्च असतो. तो टॉर्च त्यानं बायकोलासुद्धा दिला नसता. माझ्या हातात देताना म्हणाला, "सेल नवे आहेत. परत देताना जिवंत हवेत."

"हो हो," मी म्हणालो आणि टॉर्च पँटच्या खिशात कोंबला. कोंबताना त्याचं बटण दाबलं गेलं. मला कळलं नाही. अधिकाऱ्यानं मास्क शोधायला, ते तोंडाला घट्ट बसतात का ते तपासायला आणि वहीत वेळ लिहायला दोन तास लावले. त्या दोन तासांत माझा खिसा आतून लख्ख उजळलेला होता.

भुयार म्हणजे बॉयलर घरामागचा अरुंद, लांब बोळ. दोन्ही बाजूंना माणसाच्या मांडीएवढे पाइप, त्यांच्यावर हिरव्या रंगाचे थरावर थर. मास्कमध्ये स्वतःचाच श्वास कानात ऐकू येत होता. मामा पुढे होता. तीस वर्षांपूर्वी जिथं तो उघड्या तोंडानं गोळे फेकत हिंडला, तिथं आता अंग चोरून चालत होता. बारा. चौदा. सोळा. सतरा.

मी टॉर्च मारला. हिरवा पाइप. नुसता हिरवा, गुळगुळीत.

"काही नाही," अधिकारी म्हणाला.

"रंग चढवलाय वरून," मामाचा आवाज मास्कमधून घोगरा आला. "अरे, तोंडावर नको मारूस. कडेनं. तिरपा धर, तिरपा!"

मी पाइपाला लागून टॉर्च आडवा धरला आणि त्या हिरव्या रंगातून एक नाक वर आलं. खिळ्यानं ओढलेल्या रेघा रंगाखाली बुजल्या होत्या, पण तिरप्या उजेडात त्यांच्या सावल्या पडल्या. भलं थोरलं नाक, त्यावर दोन रागीट भुवया. खाली महिना आणि साल. आणि त्याच्या बाजूला एक पंजा. डावा. करंगळीशेजारचं बोट आखूड.

मामानं हात वर केला. पाइपापासून वीतभर दूर, न टेकवता, पंजासमोर पंजा. दोन्हींत एकच पेर कमी होतं.

अधिकारी काहीतरी पुटपुटला आणि त्यानं आपला फोन काढला. फ्लॅश चमकला. फोटोत नुसता हिरवा पाइप. "फ्लॅशनं सपाट दिसतंय. फ्लॅश बंद करतो, तुम्ही टॉर्च तसाच धरा."

आणि तेवढ्यात टॉर्च पिवळा पडला.

मी तो हलवला. जरा उजळला, पुन्हा पिवळा. नाक बुडायला लागलं.

"काय केलंस?" मामा ओरडला.

"काही नाही!"

"कान लाल झाले असतील बघ याचे!"

"अहो, काढा फोटो!" मी अधिकाऱ्यावर खेकसलो. नोकरी हंगामी आहे, हे त्या क्षणी पार विसरलो. मामा हात तसाच हवेत धरून उभा. एक फोटो हलला. दुसरा काळा आला. टॉर्चचा उजेड आता गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचा झाला होता. मी तो जेवढा जवळ नेता येईल तेवढा नेला, न टेकवता, श्वास रोखून. तिसरा फोटो निघाला, आणि टॉर्च गेला.

अंधारात अधिकाऱ्याच्या फोनचा पडदा तेवढा दिसत होता. त्यावर नाक, साल आणि दोन पंजे, एक पाइपावरचा आणि एक जिवंत.

"सही करतो," तो म्हणाला.

शनिवारी साडेअकराला मामा गाडीत चढला. त्याच्या मागे मामी, तिला आदल्या रात्री त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण ती नीट केस विंचरून आली होती. आत यंत्राचं मोठं कडं, त्यातून सरकणारी फळी. दाराच्या काचेतून मला मामाचे मोजेच दिसत होते. यंत्र बोललं, "श्वास घ्या. रोखून धरा." फळी सरकली. काही सेकंदांचं काम.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "श्वास रोखून धरा हे तेव्हा सांगायला हवं होतं कुणीतरी." नेहमीसारखं हसू त्यावर आलं नाही.

दहा दिवसांनी फोन आला. मामीचं स्वच्छ होतं, दोन वर्षांनी पुन्हा दाखवायचं. मामाला मोठ्या हॉस्पिटलात बोलावलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक ठिपका दाखवला. नऊ मिलिमीटर. असे ठिपके पुष्कळांना असतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी निघतात, ते म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, वाढतोय का.

"नऊ?" मामा म्हणाला. "आठ असतो, दहा असतो. नऊ हा साइझ आम्ही ठेवत नाही."

डॉक्टर हसले. मामी हसली नाही.

ते तीन महिने आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मामा जिना चढताना आम्ही दोघं दाराआड उभे राहून पावलं मोजायचो. एकदा त्याला ठसका लागला, पाणी चुकीच्या नळीत गेलं म्हणून, तर मामीच्या हातून भांडं पडलं. त्यावर मामा चिडला. "खोकायचीही चोरी झाली का या घरात?" रविवारी तो मला घेऊन मुकादमाकडे गेला, नाकाचा फोटो मोठा करून. मुकादम इतका हसला की मुलीला यंत्राचं बटण पुढे करावं लागलं. "काम पक्कं होतं तुझं," तो म्हणाला. "नशीब." मामानं त्याला ठिपक्याबद्दल सांगितलं नाही. मुकादमानंही विचारलं नाही, नुसता त्याचा आखूड बोटाचा हात बराच वेळ धरून बसला.

दुसऱ्या स्कॅनला ठिपका अकरा झाला होता.

मामानं पडद्याकडे पाहिलं. "अकराही ठेवत नाही," तो म्हणाला, पण आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांना ऐकू गेला नसावा. मामीनं त्याचा हात घट्ट धरला. डॉक्टर समजावून सांगत होते, वाढतोय म्हणजे काढायला हवा, अजून लहान आहे, एकाच जागी आहे, उजव्या फुफ्फुसाचा वरचा खण काढू. मला त्यातलं निम्मंच कळलं. बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मनात तेच दोन अक्षरांचं गणित करत बसलो. पुढची गाडी दोन वर्षांनी. तीन महिन्यांत दोन मिलिमीटर. हे गणित मी पुरं केलं नाही.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. ठिपका कॅन्सरचाच होता. आजूबाजूच्या गाठी साफ निघाल्या. डॉक्टर मास्क खाली ओढून म्हणाले, "वेळेत आलात. खोकला घेऊन आला असतात तर..." आणि वाक्य तिथंच सोडून हात धुवायला गेले. दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं, हे आता घड्याळासारखं लागलं आहे. प्रत्येक वेळी मामी आदल्या दिवशी जेवत नाही आणि मामा तिच्या वाटचं जेवतो.

आता तो तीन जिने दोन दमांत चढतो. मी मधे थांबतो तिथंच तोही थांबतो, आणि आपण भाच्याला सोबत म्हणून थांबतो, असं शेजाऱ्यांना सांगतो. स्टोअरच्या खिडकीतून पूर्वीसारखीच लोकांची फिरकी घेतो. माझ्या संगणकात त्या सहा ओळी आता नीट भरलेल्या आहेत, एकेकाला समोर बसवून, चहा थंड करून.

राहिला तो वाफेश्वर. त्या शुक्रवारी मी त्याला मेलेला टॉर्च परत दिला तेव्हा त्यानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या दिवशी दोन नवे सेल आणून द्यायचं कबूल केलं. पुढे ते धावपळीत राहून गेलं. शिवाय त्या जाड जातीचे सेल बाजारात शोधूनही सापडत नाहीत. सापडतात ते एकाच ठिकाणी, आमच्या स्टोअरमध्ये, मामाच्या पाठीमागच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात.

परवा धीर करून खिडकीशी गेलो. "मामा, दोन सेल दे."

त्यानं मागणीची चिठ्ठी पुढे सरकवली. "कारण लिही."

"तुला माहीत आहे कारण."

"मला सगळंच माहीत असतं. कागदाला माहीत नसतं." आखूड बोटानं त्यानं रकाना दाखवला. "पूर्ण लिही. 'तेच' चालणार नाही. आणि खासगी कामाला स्टोअरचा माल मिळत नाही, हे लिहून झाल्यावर सांगतो."

मी हात हलवत परत निघालो. बॉयलर घराच्या दारात वाफेश्वर उभाच होता. त्यानं काही न बोलता टॉर्च माझ्या तोंडावर रोखला आणि बटण दाबलं. कट. कट. उजेड काही पडला नाही.